हिवाळी धबधबा : कमी पाण्याची चौकट

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे काही धबधब्यांचे गाव नव्हे. अकोल्याहून वाशीमकडे आणि नागपूरहून मेहकरकडे जाणारे रस्ते येथे एकमेकांना छेदतात, हीच त्याची प्रवाशांना असलेली ओळख. मात्र स्टॉक छायाचित्रे, म्हणजे वापराचा परवाना देऊन पुनःपुन्हा विकली जाणारी चित्रे, टिपणाऱ्यांच्या दृष्टीने हे ठिकाण सोयीचे आहे. येथून पश्चिमेस लोणारची बारमाही धार, तर आग्नेयेस पैनगंगेवरील सहस्रकुंड गाठता येते. सह्याद्रीतील बहुतेक धबधबे दिवाळीनंतर ओसरू लागतात, तेव्हा या दोन ठिकाणांकडे वळणे शहाणपणाचे ठरते.

‘हिवाळी धबधबा’ म्हटले की परदेशी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर गोठलेले पाणी व बर्फ येते. दख्खनच्या पठारावर यांपैकी काहीच नाही. येथे असतो तो काळा बेसाल्ट, पिवळे पडलेले गवत आणि त्यातून उतरणारी बारीक धार. पावसाळ्यातील रौद्र रूपाची सवय झालेले छायाचित्रकार हिवाळ्यातही रुंद भिंगाने संपूर्ण कडा टिपतात आणि फसतात. चौकटीत नव्वद टक्के दगड येतो व पाणी शोधावे लागते. कमी पाण्याची चौकट आवळावी लागते. एखादीच धार, तिच्या खालचे कुंड, त्यातील कड्याचे प्रतिबिंब एवढे पुरे.

बेसाल्टचे आडवे थर येथे फार उपयोगी पडतात. उभी धार आणि आडवे थर यांतून चित्राला आपोआप बांधणी मिळते. शिवाय जाहिरातकार व पुस्तकांचे मांडणीकार यांना मजकुरासाठी मोकळी जागा हवी असते. धार चौकटीच्या एका तृतीयांशात ठेवून उरलेला भाग सावलीतील दगडाला दिल्यास ही जागा विनासायास मिळते. तेच दृश्य आडवे आणि उभे अशा दोन्ही प्रकारे टिपावे. मुखपृष्ठासाठी उभेच लागते.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हिवाळा उदार असतो. मालेगावच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर असतो आणि दिवसभर दक्षिणेकडे राहतो. त्यामुळे उत्तराभिमुख कड्यावर सावली टिकते व पाण्यावर चट्टेपट्टे पडत नाहीत. दक्षिणाभिमुख कड्यासाठी सकाळची वेळ साधावी. जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर येणारा सूर्य ही मुभा देत नाही.

काळ्या दगडामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हमखास चुकतो. तो दगडाला राखाडी समजून चित्र उजळवतो आणि धार कोऱ्या कागदासारखी होते. म्हणून प्रकाश अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावा. शटरचेही तसेच. पाणी रेशमासारखे दिसावे म्हणून एक-दोन सेकंद शटर उघडे ठेवण्याची पद्धत भरपूर प्रवाहाला शोभते. बारीक धार तेवढ्या वेळात विरून धुके होते. तिच्यासाठी १/८ ते १/४ सेकंद बरा. तिपाई, आयएसओ १०० आणि एफ/८ ते एफ/११ हे गणित बहुधा जमते. ओल्या दगडाची चकाकी पोलरायझरने आवरते.

सहस्रकुंडच्या वरच्या अंगास इसापूर धरण असल्याने पात्रातील पाणी विसर्गावरही अवलंबून असते. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि पात्रात उतरण्याचा मोह टाळावा. लोणारला अडचण वेगळी. धारेखाली भाविक स्नान करतात. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे लेखी संमतीपत्र नसेल, तर ते चित्र जाहिरातीसाठी विकता येत नाही, केवळ संपादकीय वापरासाठी देता येते. संमती मिळण्याजोगी असली, तरी स्नान करणाऱ्यासमोर कागद धरणे अवघडच. पहाटे, माणसे येण्याआधी, नुसती धार टिपणे श्रेयस्कर. लोणार हे अभयारण्य असल्याने छायाचित्रणासंबंधी वनखात्याचे नियमही पाहून घ्यावेत.

या व्यवसायातील मिळकतीविषयी भ्रम नसावा. शटरस्टॉकने जून २०२०मध्ये लागू केलेल्या पद्धतीत छायाचित्रकाराचा वाटा विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के ठरला आणि दर १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागली. ऐन हिवाळी चित्रांच्या दिवसांत हा फटका! किमान मोबदला १० सेंट. त्यात डिसेंबर २०२२पासून अ‍ॅडोब स्टॉकने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेली चित्रेही स्वीकारण्यास प्रारंभ केला. कुठलाही ‘सुंदर धबधबा’ आता यंत्र क्षणात काढून देते.

यंत्राला देता येत नाही ती ठिकाणाची व तारखेची खातरी. पैनगंगेचे पाणी डिसेंबरात किती उरते, हे पाठ्यपुस्तकाला किंवा वृत्तपत्राला दाखवायचे असेल तर खरे चित्रच लागते. म्हणून ओळीत स्थळ, नदी, जिल्हा आणि महिना अचूक द्यावा. ऑगस्टमधील चित्र ‘हिवाळा’ म्हणून खपवू नये. शोधशब्दांत बर्फ घालू नये. आणि मालेगावचा उल्लेख करायचाच असेल, तर पुढे ‘जिल्हा वाशीम’ लिहायला विसरू नये, अन्यथा ग्राहक नाशिक जिल्ह्यातील मालेगावात पोहोचतो.