नौदल अधिकारी ते गव्हर्नर : जिमी कार्टर यांचा स्थानिक व प्रांतीय राजकारणातील प्रवेश (१९५३-१९७१)

प्रस्तावना

अमेरिकेचे ३९ वे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर (१९२४-२०२४) यांच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा कॅम्प डेव्हिड करार व इराणमधील ओलीस प्रकरण यांच्या आधारे केले जाते. त्यापूर्वीची त्यांची जॉर्जिया राज्यातील वाटचाल मात्र उपेक्षित राहते. नौदलाच्या शिस्तीत घडलेला अधिकारी स्थानिक राजकारणात काय घेऊन येतो आणि तेथे त्याला काय गमवावे लागते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नौदलातून गावाकडे

कार्टर १९४६ मध्ये ॲनापोलिस येथील नौदल अकादमीतून पदवीधर झाले. पुढे पाणबुडी विभागात आणि रिकोव्हर यांच्या अणुऊर्जा प्रकल्पात त्यांनी काम केले. १९५३ मध्ये वडिलांचे निधन झाले. वडील शेतकरी, व्यापारी व राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. कार्टर यांनी नौदलाचा राजीनामा दिला आणि ते प्लेन्स या मूळ गावी भुईमुगाच्या व्यवसायात उतरले. वर्णविभाजनाचे समर्थन करणाऱ्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल'चे सदस्यत्व त्यांनी नाकारले. तथापि, समटर काउंटीच्या शिक्षण मंडळावर ते असेपर्यंत तेथील शाळा वर्णानुसार विभक्तच राहिल्या. १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची अंमलबजावणी या मंडळाने केली नाही, ही बाब दृष्टिआड करता येत नाही.

१९६२ ची निवडणूक

जॉर्जियातील 'काउंटी युनिट' पद्धतीमुळे लहान ग्रामीण काउंट्यांना लोकसंख्येच्या मानाने अवाजवी वजन मिळत असे. राज्य सिनेटची जागाही काउंट्यांमध्ये आळीपाळीने फिरत असे. १९६२ मध्ये न्यायालयीन निर्णयांमुळे ही चौकट मोडली आणि सात काउंट्यांच्या नव्या मतदारसंघातून कार्टर उभे राहिले. १६ ऑक्टोबरच्या पक्षांतर्गत निवडणुकीत होमर मूर विजयी घोषित झाले. परंतु क्विटमन काउंटीत स्थानिक पुढारी जो हर्स्ट यांच्या देखरेखीखाली ३३३ मतदारांच्या मागे ४२० मतपत्रिका निघाल्या होत्या. मृतांच्या नावेही मतदान झाले होते. कार्टर यांनी साक्षी व शपथपत्रे गोळा केली. पत्रकार जॉन पेनिंग्टन यांच्या वार्तांकनाने आणि वकील चार्ल्स कर्बो यांच्या युक्तिवादाने प्रकरण तडीस गेले. ती मतपेटी बाद ठरली आणि ६ नोव्हेंबरच्या मतदानात कार्टर निवडून आले. प्रत्येक नोंद स्वतः पडताळण्याची सवय येथे उपयोगी पडली. पुढे सिनेटमध्येही प्रत्येक विधेयक वाचूनच मत देण्याचा त्यांनी निश्चय केला.

गव्हर्नरपदाची किंमत

१९६६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत कार्टर तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि अखेर वर्णविभाजनवादी लेस्टर मॅडॉक्स गव्हर्नर झाले. (याच वर्षी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन 'पीस कोअर'मध्ये दाखल झाल्या व मुंबईतील विक्रोळी येथे परिचारिका म्हणून काम करू लागल्या.) १९७० मध्ये कार्टर यांनी कार्ल सँडर्स यांच्याविरुद्ध लढताना वर्णविभाजनवादी गोऱ्या मतदारांचा अनुनय केला. निवडून आल्यावर मात्र १२ जानेवारी १९७१ च्या भाषणात वांशिक भेदभावाचा काळ संपल्याचे त्यांनी जाहीर केले. सुमारे ३०० शासकीय यंत्रणांची पुनर्रचना करून त्यांनी ती संख्या २२ वर आणली. १९७४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे चित्र राज्याच्या विधानभवनात लागले.

निष्कर्ष

नौदलाने कार्टर यांना चिकाटी व तपशिलाची जाण दिली. त्या बळावर त्यांनी मतपेटीची लबाडी उघडकीस आणली. परंतु मतदाराच्या मनातील पूर्वग्रहापुढे ती शिस्त अपुरी ठरली आणि तेथे त्यांनी तडजोड पत्करली. भाषणातील घोषणेचे मोल मोठे असले, तरी ज्या प्रचाराने ते त्या व्यासपीठावर पोहोचले, त्याची नोंदही इतिहासाने तितक्याच काटेकोरपणे ठेवावयास हवी. मतमोजणीतील असत्य न्यायालयात दुरुस्त होऊ शकते; मते मिळविण्यासाठी पाळलेल्या मौनाचा हिशेब मात्र अभ्यासकालाच मांडावा लागतो.