रिकाम्या जागेची यात्रा

इंग्लंडच्या आग्नेय भागांत केंट परगण्यांत कँटरबरी हें नगर आहे. तेथील कॅथीड्रल पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी जथ्याजथ्यानें येतात. उंच कमानी, रंगीत कांचांच्या खिडक्या दाखवीत वाटाड्या मंडळींना ट्रिनिटी चॅपलमध्यें आणतो. तेथें फरसबंदीवर एकच मेणबत्ती तेवत असते. भोंवतीं कांहींच नाहीं. कँटरबरीचा खरा इतिहास या रिकाम्या जागेपाशींच उलगडतो.

थॉमस बेकेट हा राजा दुसरा हेन्री याचा जिवलग स्नेही व प्रधान. धर्मसंस्था आपल्या मुठींत यावी म्हणून राजानें ११६२ सालीं त्याला आर्चबिशप केलें. परंतु त्या पदावर बसतांच बेकेट राजाचा राहिला नाहीं. गुन्हेगार धर्मोपदेशकांना शिक्षा राजानें करावी कीं धर्मसंस्थेनें, हा वादाचा मुख्य विषय. सहा वर्षें फ्रान्समध्यें परागंदा राहून तो परतला, आणि २९ डिसेंबर ११७० रोजीं चार सरदारांनीं त्याला कॅथीड्रलमध्येंच तलवारीनें ठार केलें. ११७३ सालीं पोपनें त्याला संतपद दिलें. पुढच्याच वर्षीं खुद्द राजा अनवाणी चालत कँटरबरींत आला आणि मठवासीयांच्या हातून त्यानें पाठीवर फटके घेतले.

१२२० सालीं बेकेटच्या अस्थि रत्नखचित समाधींत ठेवण्यांत आल्या. मग यात्रेकरूंची रीघ लागली. वाटेवर चोरांचें भय, म्हणून लोक जथे करून निघत. वाट सरावी म्हणून गोष्टी सांगत. चॉसर कवीनें चौदाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या काव्यांत असाच एक जथा रंगविला; त्यांत सरदार, जोगीण, आचारी आणि चक्कीवाला एकत्र प्रवास करतात. परततांना यात्रेकरू शिशा-कथलाचे बिल्ले आठवण म्हणून नेत. आजची सहल ही त्याच यात्रेची वंशज होय.

१५३८ सालीं आठव्या हेन्रीनें ती समाधि उद्ध्वस्त करविली. सोनें-रत्नें राजाच्या खजिन्यांत गेलीं. बेकेटचें नांव ग्रंथांतून खोडण्याचा हुकूम सुटला. राजद्रोह्याचें स्मरण राजाला नको होतें. परंतु चॅपलकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या पावलांनीं व गुडघ्यांनीं झिजून खोलगट झाल्या होत्या. ती झीज कोणत्याहि हुकुमानें भरून निघाली नाहीं.

१९४२ सालीं दुसरें संकट आलें. ३० मे च्या रात्रीं ब्रिटिश विमानांनीं जर्मनीतील कलोन नगरावर बाँबवर्षाव केला. दुसऱ्याच रात्रीं जर्मन विमानें कँटरबरीवर आलीं. बेडेकर नामक जर्मन प्रकाशनसंस्थेचीं प्रवास-मार्गदर्शक पुस्तकें जगप्रसिद्ध होतीं. ऐतिहासिक नगरांवरील या हल्ल्यांना त्यांचेंच नांव पडलें. जें पाहण्यासारखें, तेंच जाळण्यासारखें ठरलें! कँटरबरीच्या मध्यभागाची राख झाली, कॅथीड्रलचें ग्रंथालय उद्ध्वस्त झालें. पण छपरावरील पहारेकऱ्यांनीं आगलावे बाँब उचलून खालीं भिरकावले आणि मुख्य वास्तु बचावली. कलोनचें कॅथीड्रलहि युद्धाचे घाव सोसून उभें राहिलें.

राजसत्तेनें समाधि फोडली, युद्धानें नगर जाळलें. तरी यात्रा थांबली नाहीं. जेथें पाहण्यास कांहीं उरलें नाहीं, तेथेंच आलेला मनुष्य सर्वांत अधिक वेळ उभा राहतो.