पडीक जमीन जिवंत करणाऱ्याचा हक्क

इस्लामी फिकहमध्ये 'इहया-उल-मवात' नावाचे एक प्रकरण आहे. त्याचा सरळ अर्थ मेलेली जमीन जिवंत करणे. कुणाच्याही मालकीची नसलेली पडीक जमीन जो जिवंत करील, तिच्यावर त्याचा हक्क, हे तत्त्व हदीसमधून आले आहे. पण त्यासाठी हाकिमाची परवानगी लागते का? इमाम अबू हनीफा म्हणाले, लागते. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणाले, लागत नाही. हा वाद आठव्या शतकातला. याकूबा सावादोगो यांची हकिकत वाचताना मला तो पुन्हा आठवला.

सावादोगो हे पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाच्या यातेंगा भागातले. लहानपणी कुराण शिकण्यासाठी त्यांना शेजारच्या माली देशातील मदरशात पाठवले होते. पुढे त्यांनी वाहिगुया शहराच्या बाजारात दुकान टाकले. १९७० च्या दशकात दुष्काळाने तो मुलूख होरपळला. सुपीक माती गेली, जमिनीवर टणक पापडी धरली आणि अनेक कुटुंबे शेते टाकून निघून गेली. अशा वेळी, १९८० च्या सुमारास, सावादोगो मात्र दुकान सोडून गुर्गा गावी शेतीकडे परतले.

तिथे 'झाई' ही खड्ड्यांची जुनी रीत होती. सावादोगोंनी खड्डे मोठे केले आणि पावसाआधीच त्यांत शेणखत व पालापाचोळा भरला. त्यामुळे वाळवी आली. तिने केलेल्या बिळांतून पाणी खोल मुरू लागले. वाहते पाणी अडवायला त्यांनी दगडांच्या ओळी रचल्या. ज्वारी-बाजरी तर आलीच, शिवाय खतातून आलेल्या बियांची झाडेही उगवली. ती त्यांनी उपटली नाहीत, उलट आणखी लावली. लोकांनी त्यांना वेडा ठरवले. कुणीतरी आग लावली, तेव्हा त्यांनी पुन्हा सुरुवात केली. हळूहळू सुमारे ४० हेक्टर ओसाड जागेवर साठहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे जंगल उभे राहिले. पक्षी आणि प्राणी परतले.

मग शहर वाढत वाढत तिथवर आले. सरकारी विस्तार योजनेत ती जमीन गेली आणि सावादोगो कुटुंबाच्या वाट्याला लहान लहान भूखंड आले. स्वतः वाढवलेले जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवण्याची वेळ त्यांच्यावर आली. २०१८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले.

त्या भागात जमिनीची मालकी गाव-कुटुंबाच्या रूढीने ठरते, त्यामुळे फिकहची व्याख्या इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. तरीही वादाचा गाभा तोच आहे. एकाच जागेसाठी दोघे भांडू नयेत, म्हणून अबू हनीफांना परवानगी हवी होती. म्हणजे परवानगीचा हेतू कष्ट करणाऱ्याला निर्धास्त करणे हा होता, त्याच्या हातून जमीन काढून घेणे हा नव्हता. गुर्ग्याची जमीन मेलेली होती तोवर ती कुणालाच नको होती. ती जिवंत झाली आणि तिला भाव आला.

लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे सवाब मिळते, असे आपण मुलांना शिकवतो. ते झाड उभे राहील याची जबाबदारी कुणाची, हेही त्याच धड्यात शिकवायला हवे, असे मला वाटते.