आनाहोच्या किनाऱ्यावर

प्रवासवर्णनें लिहिणाऱ्या लोकांत एक समजूत फार जुनी आहे. ती अशी कीं, जहाजावरून जो उतरतो तो पाहणारा, आणि बेटावर जो राहतो तो पाहिला जाणारा. समुद्रपर्यटनास निघालेल्या कुटुंबानें सकाळीं होडींतून किनाऱ्यास लागावें, शंख-शिंपले वेंचावे, शहाळें प्यावें, चार नवलाच्या वस्तू विकत घ्याव्या आणि सायंकाळीं जहाजावर परत येऊन रोजनिशी लिहावी, हा क्रम आज लाखों प्रवाशांच्या अंगवळणीं पडला आहे. त्या रोजनिशींत बेटावरील माणसें येतात तीं बहुधा झाडांसारखीं. देखाव्याला शोभा यावी म्हणून. परंतु 1888 सालच्या एका दिवसाची हकीकत अशी उरली आहे कीं, जींत झाडांवरचीं माणसेंच प्रवाशांकडे टक लावून पाहत होतीं.

हें कुटुंब होतें रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचें. उष्ण कटिबंधांतील एकही बेट डोळ्यांनीं न पाहतां ज्यानें ‘ट्रेझर आयलंड’ लिहून 1883 सालीं साऱ्या इंग्लंडांतील मुलांस वेड लाविलें, तो हा गृहस्थ त्या वेळीं सदतीस वर्षांचा होता. छातीचें दुखणें त्याच्या पाठीस लहानपणापासून लागलेलें. मधून मधून तोंडावाटें रक्त पडे. त्या काळच्या वैद्यांनीं त्याला क्षय म्हटलें. मागाहूनच्या कांहीं वैद्यांस हें निदान पटलेलें नाहीं. 1887 सालीं वडील वारले व कांहीं पैसा हातीं आला. त्यांतले सुमारें दोन हजार पौंड एका जलप्रवासावर उधळावयाचे असें त्यानें ठरविलें. पत्नी फॅनी हिनें सॅन फ्रान्सिस्को येथें ‘कास्को’ नांवाचें पंचाण्णव फूट लांबीचें शिडाचें जहाज भाड्यानें मिळविलें. बरोबर एडिंबरोच्या सनातनी वातावरणांत वाढलेली विधवा आई मार्गारेट, फॅनीचा पहिल्या विवाहाचा वीस वर्षांचा मुलगा लॉइड आणि एक दासी. 28 जून रोजीं हीं मंडळी निघालीं आणि बरोबर एक महिन्यानें, 28 जुलैच्या पहांटे, त्यांस मार्केसास द्वीपसमूहांतील नुकु हिवा या बेटाचे सुळके दिसूं लागले. उत्तर किनाऱ्यावरील आनाहो नांवाच्या उपसागरांत जहाजानें नांगर टाकिला.

पहिल्या दिवसाचें चित्र कांहीं मोहक नाहीं. आनाहोचा नायक व तेथें राहणारा एक गोरा व्यापारी यांच्या पाठोपाठ होड्यांवर होड्या आल्या, आणि अंगभर गोंदलेल्या, अर्धनग्न माणसांनीं जहाज भरून गेलें. त्यांनीं आणिलेल्या जिनसांच्या किंमती अवाच्या सवा. घेणारा कोणी निघेना, तेव्हां त्यांच्यांतील एका विनोदी इसमानें, इतकें झोकदार जहाज आणि त्यांत पैसा नाहीं, अशी टर उडविली. स्टीव्हन्सनला त्यांची भाषा येत नव्हती. खोलीच्या कोपऱ्यांत बसून तो त्या मूक डोळ्यांकडे पाहत राहिला, आणि हीं माणसें कोणा परक्या ग्रहावरचीं असावीं असें आपणांस वाटलें, हें त्यानें पुढें मोकळेपणानें लिहून ठेविलें. मला हा मोकळेपणा त्याच्या लेखनांतील सर्वांत मोलाचा गुण वाटतो. पहिल्या भेटींतच बंधुभाव उचंबळल्याचीं वर्णनें आपण इतकीं वाचलीं आहेत कीं, त्यांचा वीट यावा.

मैत्री जुळली ती मागाहून, आणि तीही अगदीं घरगुती उपायांनीं. बायका येऊन आरसे पाहत. मखमली गाद्यांचा मऊपणा एकीनें तर सर्वांगानें अनुभवून घेतला. पाहुण्यांस बिस्किटें, मुरंबा आणि सरबत दिलें जाई, आणि मग निघे तें छायाचित्रांचें पुस्तक! व्हिक्टोरिया राणीचें चित्र पुष्कळांनीं ओळखिलें. हबशी वेषांतील एका इंग्रज कप्तानाचें चित्र ब्रिटिश सैन्याचा गणवेष म्हणून वाखाणलें गेलें. आपल्याकडील दिवाणखान्यांतून पाहुणा कंटाळेपर्यंत त्याच्या मांडीवर जें पुस्तक ठेवण्यांत येई, त्याचेंच हें आनाहोंतील भावंड.

आतां तो दिवस. आनाहोच्या उपसागराला लागून एक लहानशी खाडी आहे. ओहोटीची वेळ साधून स्टीव्हन्सन, फॅनी व जहाजाचा आचारी हे तिघे तेथें गेले होते. बाहेर ‘कास्को’ उभें, एखाददुसरा बगळा, वारा आणि लाटा. याखेरीज कांहीं नाहीं. जगांत माणूस जन्मास येण्यापूर्वीं पृथ्वी अशीच असेल, असें वाटावें इतका एकांत. इतक्यांत खिंडींतून वाऱ्याचा एक झोत आला, डोक्यावरील माडांच्या झावळ्या फांकल्या, आणि पाहतात तों दोन माडांच्या शेंड्यांत एक एक माणूस मूर्तीसारखा निश्चल बसलेला व पापणी न हलवितां खालीं पाहत असलेला! दुसऱ्याच क्षणीं झावळ्या मिटल्या.

तिघांचेंही बोलणें खुंटलें. आपण एकटे आहोंत असें समजून आपण फिरतों, आणि कदाचित् रोज, प्रत्येक प्रहरीं, कोणी तरी वरून आपल्याला न्याहाळीत असतें, या कल्पनेनें त्यांच्या अंगावर कांटा आला. आचाऱ्याच्या मनांत कांहीं तरी सलत असावें. त्यानें पुन्हां किनाऱ्यावर पाऊल म्हणून टाकिलें नाहीं. हे लोक एके काळीं नरमांस खात, हें सर्वांच्या कानीं होतेंच; तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहिलें असेल तें सांगावयास नको.

या कोड्याचा उलगडा स्टीव्हन्सनला झाला तो वर्षाहून अधिक काळानें, आणि तोही तेथून फार दूर असलेल्या गिल्बर्ट बेटांत. माडांवरचे ते दोघे हेर नव्हते कीं राक्षस नव्हते. ते माडी काढीत होते! फ्रेंच सरकारच्या कायद्यानें त्यास बंदी होती. वाऱ्यानें झावळ्या बाजूस सारल्या तेव्हां ते चोरी पकडली गेली म्हणून गर्भगळित झाले असावेत, आणि ज्यांना ते भीत होते ते खालीं त्यांना भीत उभे होते.

कोंकणांतील वाचकाला हा उलगडा होण्यास वर्ष लागलें नसतें. माडाच्या शेंड्यांत माणूस दिसला म्हणजे तो काय करीत असतो, हें आमच्याकडे पोरही सांगेल. आणि 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर माडी काढण्यावर जे कर व निर्बंध लादले गेले, त्यांखालीं भंडारी समाजाचे कसे हाल झाले हेंही रत्नागिरी-ठाण्याकडील जुन्या मंडळींस ऐकून ठाऊक असे. स्टीव्हन्सनपाशीं दृष्टि होती, पण माडाची ओळख नव्हती. प्रेक्षणीय स्थळीं एक दिवस उतरणाऱ्यास नेमकें हेंच कमी पडतें.

परंतु त्या किनाऱ्यावरील एकांताला दुसरेंही एक कारण होतें. 1595 सालीं मेंडान्या या स्पॅनिश दर्यावर्द्यानें या बेटांस मार्केसास हें नांव दिलें. त्याच्याही जहाजांवर बायका-मुलें होतीं, खुद्द त्याची पत्नी इसाबेल होती. थोड्याच दिवसांनीं तीं जहाजें निघालीं तेव्हां मागें सुमारें दोनशें प्रेतें राहिलीं, असा हिशेब त्याचा सुकाणूदार किरोस यानेंच दिला आहे. 1842 सालीं फ्रेंचांनीं बेटें घेतलीं. 1863 सालीं पेरूच्या गुलामव्यापारांतून सोडविलेल्या लोकांस परत आणणाऱ्या जहाजानें देवी आणिल्या व नुकु हिवा आणि शेजारचें उआ पोउ या दोन बेटांवर हजाराहून अधिक माणसें मेलीं. हापा नांवाच्या एका जमातीची कहाणी स्टीव्हन्सननें ऐकिली ती अशी: चारशें माणसांतलीं चौथाई देवीनें नेलीं, सहा महिन्यांनीं एका स्त्रीस क्षय झाला आणि वर्षाच्या आंत खोऱ्यांत एक पुरुष व एक स्त्री एवढींच उरलीं. तीं दोघें पळून गेलीं. क्षयाच्या जंतूंचा शोध कॉख यानें 1882 सालींच लाविला होता. ज्या रोगाच्या भयानें एक मनुष्य चांगली हवा शोधीत जगभर हिंडत होता, त्याच रोगानें ओस पडलेल्या भूमीवर तो प्रकृति सुधारण्यासाठीं उतरला, आणि त्याची प्रकृति खरोखर सुधारली.

आनाहोंत एका तरुण आईशीं त्याचें बोलणें झालें. इंग्लंडांतील दाटीवाटी, भूक, कष्ट यांचें वर्णन तो तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्यें हातवारे करून करीत होता. तेथें माड नाहींत काय, असें तिनें विचारिलें. थंडीमुळें नाहींत, असें सांगून त्यानें काल्पनिक शेगडीपाशीं कुडकुडत बसून दाखविलें. तिला त्याची दया आली. मग तिनें अंगावर पीत असलेलें मूल काढून दोन्ही हातांवर त्याच्यापुढें धरिलें आणि उदास हंसून सांगितलें कीं, असेंच लहानगें जन्मतें व मरतें. आमचे सगळे लोक मरत आहेत, मग कोणी उरणार नाहीं.

त्यावर विश्वास न ठेवणारा मनुष्य त्या काळांत विरळा. त्या सुमारास सहा वसलेल्या बेटांत मिळून पांच हजारांच्या आसपास माणसें होतीं; 1920 नंतरच्या दशकांत तीं दोन हजारांवर आलीं. अनेक गोऱ्या लेखकांनीं या जातीचें मृत्युलेखही लिहून टाकिले. असले मृत्युलेख लिहिण्यांत एक प्रकारचा चैनीचा विषाद असतो. तो स्टीव्हन्सनच्या लिहिण्यांतही क्वचित् डोकावतो. मात्र स्कॉटलंडांतील डोंगरी टोळ्यांचा मोड त्याच्या आजोळ-पणजोळच्या काळांतला, म्हणून त्या टोळ्यांच्या गोष्टी सांगून तो या लोकांच्या गोष्टी काढून घेई. त्या देवघेवींतून त्याचें पुस्तक उभें राहिलें. तो स्वतः 1894 सालीं सामोआ बेटांत वारला; ‘इन द साउथ सीज’ ग्रंथरूपानें निघालें तें त्यानंतर दोन वर्षांनीं.

त्या आईचें भाकीत मात्र खोटें ठरलें. उतरती संख्या पुढें पुन्हां चढूं लागली आणि आज ती नऊ हजारांच्या आसपास आहे. 1978 सालीं तेथील लोकांनीं आपली भाषा व कला जतन करण्यासाठीं ‘मोतु हाका’ नांवाची संस्था काढिली; 1987 पासून बेटाबेटांवर आळीपाळीनें मोठे उत्सव भरूं लागले; गोंदण्याची जी विद्या मिशनऱ्यांनीं व सरकारनें दडपिली होती ती तरुणांच्या अंगावर परत आली. 2024 सालीं या बेटांची जागतिक वारशांत गणना झाली. ताहितीहून मालाबरोबर प्रवासीही आणणारें ‘आरानुइ’ जहाज नुकु हिवाला लागतें, व त्यांतले प्रवासी दिवसभर उतरून फिरतात. आनाहोला मात्र मोटारीचा रस्ता गेलेला नाहीं. शेजारच्या हातिहेऊ गांवाहून टेकडी चढून पायवाटेनें उतरावें लागतें, नाहीं तर होडीनें जावें लागतें. किनाऱ्यालगत थोडीं कुटुंबें राहतात, आणि माड अजून आहेत.