चौसष्ट ठिपक्यांची चौकट : पिक्सेल अक्षरांचा इतिहास

१/ जुन्या व्हिडिओ गेमची आठवण जागवायची असली की पोस्टरवर, टी-शर्टवर किंवा गेमच्या शीर्षकात ठिपक्याठिपक्यांची, पायऱ्यांसारख्या कडांची अक्षरे योजली जातात. आज ती एक शैली आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो नाइलाज होता. त्या नाइलाजात रोमन लिपी कशी सामावली आणि देवनागरी का बाहेर राहिली, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १९७०च्या दशकात संगणकाची मेमरी फार महाग होती. म्हणून आर्केड यंत्रांत पडद्याचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले जात आणि एका चौकोनात एक अक्षर बसवले जाई. ठिपका एकतर पेटलेला, नाहीतर विझलेला. म्हणजे एका अक्षराला ६४ बिट, अर्थात ८ बाइट. रोमन लिपीची २६ मोठी अक्षरे अवघ्या २०८ बाइटांत मावत.

३/ १९७६ साली अटारीच्या ‘की गेम्स’ या उपकंपनीने ‘क्विझ शो’ हा गेम आणला. त्यासाठी लाइल रेन्स यांनी घडवलेली अक्षरे अटारीच्या पुढील गेममध्ये वापरली गेली आणि जपानच्या नामको कंपनीनेही तेच वळण स्वीकारले. १९८०च्या ‘पॅक-मॅन’मधील गुणसंख्येची अक्षरे याच घराण्यातील.

४/ या अक्षरांचा उभा दंड दोन ठिपके जाड, तर आडवी रेघ एकाच ठिपक्याची. काचनळीच्या पडद्यावर शलाका आडवी धावते. एका ठिपक्याचा उभा दंड क्षणमात्र उजळून पुसट दिसे, दोन ठिपक्यांचा ठसठशीत उमटे. अक्षर ७ × ७ मध्ये आटोपून एक ओळ आणि एक स्तंभ रिकामा सोडला जाई, त्यामुळे शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटत नसत.

५/ २४ जानेवारी १९८४ रोजी ॲपलचा मॅकिन्टॉश आला. पडदा कृष्णधवल, ५१२ × ३४२ ठिपक्यांचा. त्यासाठी सुझन केअर यांनी शिकागो, जिनिव्हा असे फॉन्ट ठिपका ठिपका मांडून घडवले. येथे ‘आय’ अरुंद आणि ‘एम’ रुंद होता. प्रत्येक अक्षराला समान रुंदीची सक्ती संपली.

६/ मेन्यूसाठी शिकागो वापरला जाई. त्याचे उभे दंडही दोन ठिपक्यांचे. एखादा पर्याय निष्क्रिय दाखवताना एकाआड एक ठिपका पुसला तरी शब्द वाचता येई. हाच शिकागो २००१ साली आयपॉडच्या छोट्या पडद्यावर पुन्हा अवतरला.

७/ १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात झुझाना लिच्को यांनी एम्परर, ओकलंड आणि एमिग्रे हे फॉन्ट केले. ‘एमिग्रे’ या नियतकालिकाच्या पानांवर ही ठिपक्यांची अक्षरे मुद्दाम छापली गेली. पडद्याची अडचण कागदावरची सौंदर्यदृष्टी ठरली.

८/ पुढे लेझर प्रिंटर आणि बाह्यरेषेवर आधारलेले गुळगुळीत फॉन्ट रूढ झाले. ठिपक्यांची गरज सरली आणि स्मरणरंजन सुरू झाले. नामकोच्या अक्षरांवर बेतलेला ‘प्रेस स्टार्ट २ पी’ हा मुक्त परवान्याचा फॉन्ट आज सर्वत्र दिसतो. तो ८, १६, २४ अशा आठच्या पटीतील आकारांतच रेखीव राहतो. शीर्षक, गुणफलक, बटणे यांना तो शोभतो. सलग परिच्छेदात डोळे थकवतो.

९/ या फॉन्टमध्ये रोमन, ग्रीक आणि सिरिलिक आहेत, देवनागरी नाही. कारण गणितात आहे. आठ ओळींपैकी एक शिरोरेषेची, वरच्या मात्रा, अनुस्वार, रफार यांना दोन, खालच्या उकारांना दोन. उरल्या तीन. तीन ओळींत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील फरक दाखवायचा कसा? शिवाय जोडाक्षरांची रूपे वेगळीच. जपानी गेमनाही हा जाच झाला. कांजी मावेना म्हणून आरंभीचे कित्येक गेम केवळ काना लिपीत आले.

१०/ मग देवनागरी संगणकावर आली कशी? आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले. संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरील रूढ प्रणालींतही भारतीय लिप्या उमटू लागल्या. साठवायचे ते उच्चारक्रमाने, आकार जुळवायचा तो पडद्यावर, हे तत्त्व त्यामागे होते. १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. लिपीला चौकटीत कोंबण्याऐवजी यंत्रालाच लिपीचे व्याकरण शिकवले गेले.

११/ म्हणून ‘एट-बिट’ काळाच्या स्मरणरंजनात मराठी अक्षर दिसत नाही. त्या काळाने त्याला जागाच दिली नव्हती. ठिपक्यांची देवनागरी मात्र नाही असे नव्हे. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरील इंडिकेटरवर गाडीचे अंतिम स्थानक दिव्यांच्या ठिपक्यांतून मराठीतही उमटते, आणि धावतपळत आलेला प्रवासी ते एका नजरेत वाचतो. मराठी पिक्सेल फॉन्ट घडवू पाहणाऱ्याने पहिली चौकट तिथून मोजावी : आठ ओळींत नव्हे, शिरोरेषेच्या वर आणि खाली अक्षराला जेवढी जागा लागते तेवढ्या ओळींत.