खताच्या हद्दीवरचे गवत

वाळत घातलेल्या गवताला गोडसर वास येतो, तो कशाचा? इंग्लंडच्या जुन्या कुरणांपुरते बोलायचे, तर त्याचे बरेचसे श्रेय 'अँथोझँथम ओडोरॅटम' या बहुवर्षायू गवताला द्यावे लागेल. ते वाळू लागले की त्यातून कूमारिन हे सुगंधी द्रव्य सुटते. गवत झुबक्याने वाढते, उंची साधारण हातभर, आणि इतर गवतांच्या आधीच फुलोऱ्यावर येते. फूल भिंगाखाली पाहिले तर पुंकेसर दोनच दिसतात; बहुतेक गवतांत ते तीन असतात. मूळचे ते युरोप-आशियातले. वसाहतकारांबरोबर ते उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पोचले. चारा म्हणून मात्र त्याला फारशी किंमत नाही.

अशा गवताचे नाव उत्क्रांतीच्या अभ्यासात आले ते रॉथमस्टेडच्या एका कुरणामुळे. जॉन बेनेट लॉज हा खतांचा कारखानदार आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा रसायनशास्त्रज्ञ. या दोघांनी १८५६ साली तेथील सुमारे २.८ हेक्टर कुरणाचे पट्टे पाडले. कोणत्या खताने चारा जास्त येतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. काही पट्ट्यांना अमोनियम सल्फेट, काहींना फॉस्फेट-पोटॅश, तर काहींना काहीच नाही. दोन-तीन वर्षांतच पट्टे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखू येऊ लागले. अमोनियम सल्फेटने जमीन आम्ल होत गेली, आणि जेथे डझनावारी वनस्पती होत्या तेथे मोजक्याच उरल्या. त्या उरलेल्यांत आपले हे गवत होते. पुढे १९०३ पासून काही पट्ट्यांच्या अर्ध्या भागाला चुना देऊ लागले. प्रयोग आजही चालू आहे.

डार्विनचा ग्रंथ आला १८५९ मध्ये, म्हणजे या प्रयोगानंतर तीन वर्षांनी. उत्क्रांती इतकी संथ चालते की ती घडताना दिसणार नाही, असे त्याचे मत होते. पण हे कुरण तेव्हा मांडून झालेले होते!

शंभरेक वर्षांनी स्नेडन आणि डेव्हिस या संशोधकांनी निरनिराळ्या पट्ट्यांतली या गवताची रोपे एकाच प्रकारच्या परिस्थितीत वाढवून पाहिली. फरक केवळ खतामुळे असता तर तो पुसला जायला हवा होता. तो टिकला, म्हणजे तो आनुवंशिक होता. रोपांची पट्ट्या-पट्ट्यांत अदलाबदल केली, तेव्हा ती आपापल्या मूळ पट्ट्यातच अधिक चांगली तगली.

येथे चौकस विद्यार्थी अडवील, आणि त्याने अडवावेच. गवताचे पराग वाऱ्याने उडतात, पट्टे तर एकमेकांना लागून. मग सरमिसळ कशी होत नाही? होते. पण न जुळणारी रोपे बहुतेक तगत नाहीत. शिवाय २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिल्व्हरटाउन व सहकाऱ्यांना आढळले, की हद्दीजवळ या गवताची फुलण्याची वेळ सरकलेली आहे. शेजारी फुलतो तेव्हा हा फुलत नाही, त्यामुळे परागांची देवाणघेवाण मुळातच कमी होते.