रेडिओस्रोताचा पत्ता

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, चाकणचे कारखाने मागे टाकून नारायणगावला पोचलो, की जवळच खोडदला जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर पसरल्या आहेत. हीच जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण. एवढा पसारा कशासाठी?

रेडिओलहरींवरून स्रोताचे अंतर सहसा कळत नाही. त्यासाठी तो प्रकाशात ओळखून त्याचा वर्णपट घ्यावा लागतो. पण स्थान ढोबळ असेल, तर तेवढ्या जागेत अनेक अंधूक ठिपके सापडतात. त्यांतला आपला कोणता?

यावर एक युक्ती चंद्राने पुरवली. तो ताऱ्यांमधून सेकंदाला सुमारे अर्धी विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). स्रोत चंद्रामागे दडण्याची व पुन्हा प्रकटण्याची वेळ अचूक मोजली, की स्थान मिळते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे सिरिल हॅझर्ड व सहकाऱ्यांनी ३सी २७३ या स्रोताचे स्थान असेच ठरवले. तेथे ताऱ्यासारखा ठिपका होता. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातील रेषा सुमारे १६ टक्के तांबड्याकडे सरकल्याचे ओळखले. तो ‘तारा’ अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचा क्वासार निघाला!

हीच युक्ती अंधूक स्रोतांसाठी वापरायची म्हणून गोविंद स्वरूप व सहकाऱ्यांनी उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. ती १९७० मध्ये सुरू झाली. तिने नोंदलेल्या अनेक स्रोतांच्या जागी पालोमारच्या छायाचित्रांत काहीच दिसेना. पण ती रिकामी जागाही बोलकी होती: स्रोत फार दूर असावेत. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवले, की स्रोत जितके अंधूक तितका त्यांचा कोनीय आकार सरासरीने लहान. याचा मेळ स्थिर विश्वाशी बसेना. बदलत्या विश्वाशी बसला.

मात्र चंद्र आकाशाच्या एका पट्ट्यातूनच फिरतो. बाकीच्या आकाशासाठी दूरदूरच्या तबकड्या जोडाव्या लागतात. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे: २१ सेंटिमीटर तरंगलांबीला २५ किलोमीटरने भागा. उत्तर रेडियनमध्ये येईल. त्याला २०६२६५ ने गुणले की सुमारे २ विकला मिळतात. जीएमआरटीची सूक्ष्मदृष्टी ती हीच.

जीएमआरटीने २०१० ते २०१२ मध्ये १५० मेगाहर्ट्‌झवर केलेल्या पाहणीतून २०१७ मध्ये ६ लाखांहून अधिक स्रोतांची यादी तयार झाली. त्यांतल्या ज्यांच्या जागी प्रकाशात काहीच सापडत नाही, त्यांच्याकडे अतिदूरच्या दीर्घिकांचे शोधक आधी वळतात. खोडदची निवड झाली ती तेथील रेडिओ-गोंगाट कमी म्हणून. ती शांतता टिकली, तरच हे क्षीण पत्ते वाचता येतील.